पडद्यामागून आलेली सुई

मी टेलिफोन खात्यात नोकरीला. माणूस दिसत नाही आणि आवाज येतो, यात भुताटकी कसली, क्रॉस कनेक्शन असतं... असं म्हणून अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी भरपूर छळलंय. आता माझी पाळी आहे. हसा खुशाल.

घरी फोन यावा म्हणून लोक नंबर लावून बसायचे, त्या काळातली गोष्ट. आम्ही नालासोपाऱ्याला, आचोळ्यात राहायचो. बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही. हाताचं मी सोसलं असतं, पण अखंड बडबडणारा माणूस मुका झालेला मला बघवत नव्हता.

ऑफिसातल्या रोझीची जेनीमावशी भुईगावात एक जुना विणकारखाना सांभाळायची. चर्चच्या भिंतींवर लावायचे चित्रांचे पडदे तिथे पिढ्यान्‌पिढ्या विणले जात. एका रविवारी दुपारी बाबांना तिथे घेऊन गेले. तेवढाच त्यांना बदल.

उभ्या चौकटीवर भिंतभर जुना पडदा ताणलेला होता. त्यावर जाळं ओढणारे कोळी. दुरुस्तीला एकाने पुढे बसायचं, एकाने मागे. मागचा "घे" म्हणून सुई टोचणार, पुढच्याने ती ओढून "घेतली" म्हणायचं आणि परत पाठवायची. न बोलता केलं तर सुई बोटातच.

"बसा भाऊ, डाव्या हातानं पन जमंल," म्हणत मावशी मागे गेली. "घे!"

बाबांनी सुई ओढली आणि मान हलवली.

"घेतली का? बोला की भाऊ, मना पाठून काय दिसतंय?"

मी तिला खरं सांगितलं. ती बिचारी ओशाळली. बाबांनी सुई सोडून दिली, डोळे भरून आले त्यांचे. इथे आणलंच कशाला, असं झालं मला.

विषय बदलायला मावशी मला अंगणात वाळत घातलेलं रंगीत सूत दाखवू लागली. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला — "घे."

मग घोगरा, अडखळता — "घे...तली."

बाबा! पुन्हा "घे". पुन्हा "घेतली".

आम्ही दोघी आत धावलो. बाबा हसत होते, रडतही होते. डाव्या हातात सुई. चौकटीमागचं स्टूल रिकामं, मागच्या दाराला आतून कडी. मावशीने पडद्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं.

"पाठचे टाके पन साफ हायेत. पुढं बसून एकट्याला असं जमतच नाय, बाय." तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

डॉक्टर म्हणाले, एखादा साधा शब्द असा अचानक परत येऊ शकतो. मान्य. पण "घे" कोण म्हणालं? मावशी तर माझ्याशेजारी उभी होती. आणि ते टाके?

बाबांची वाचा हळूहळू परत आली. ते नीट बोलायला लागल्यावर एकदा धीर करून विचारलं, "बाबा, मागे कोण होतं हो?"

त्यांनी डाव्या हाताची चिमूट केली, सुई धरल्यासारखी.

"विचारायचं फार मनात होतं गं," ते म्हणाले. "पण तेव्हा मला 'घेतली' एवढा एकच शब्द येत होता."