तासभर धुतलेली गाडी

आता स्वतःची अब्रू स्वतःच्याच तोंडाने काढायची म्हणजे आधी चहा हवा. आला? घ्या. मध्ये कुणी हसायचं नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून हसा.

तर मी व्यसनमुक्ती समुपदेशक होत होते. दारू आणि ड्रग्ज, दोन्ही! दोन वर्षांचा ऑनलाइन कोर्स, परीक्षा, मग इथे मस्कतमध्येच कुरुमच्या एका दवाखान्यात डॉक्टर मॅडमच्या हाताखाली ठरलेले तास, आणि शेवटी त्यांची सही. सही झाली की लायसन! 'व्यसनी माणूस कसा ओळखावा' या पेपरात तर मी वर्गात पहिली आले होते. एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक. मस्कतमध्ये गाडी मळकी ठेवली तर दंड होतो. खोटं वाटतं ना? एकदा रुवीच्या सिग्नलपाशी पोलिसाने मला बाजूला घेतलं. काचेवर बोटाने बाराखडी गिरवता येईल एवढी धूळ!

"मॅडम, गाडी कौन धोता है?"

"हजबंड! हर गुरुवार. पूरा एक घंटा!" मी फणकारले.

त्याने धुळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. दंड न करताच "अल्ला करीम, मॅडम", म्हणजे देव दयाळू आहे, म्हणाला आणि सोडून दिलं. चेहरा असा, जणू माझ्या घरी कुणी आजारी आहे. मी इथल्या वाळूला शिव्या घालत घरी आले.

बरं. मला पहिला पेशंट मिळाला. मस्कतबाहेर बरका गावात काम करणारा एक मल्याळी पोरगा, लग्न न झालेला, बिचारा. आणि कोर्समध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात? पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नाही! पण शुक्रवारी सकाळी दार्सैतला देवळातून आलो, वैशालीकडे मिसळ होती, समोर तिघी मैत्रिणी, आणि मी. सांगा, गप्प बसवेल? मला?

"नाव नाही हं सांगणार," मी म्हटलं, "गोपनीयता असते." आणि हुशारीने सगळं बदललं. पोराचा केला मराठी संसारी माणूस. बरक्याचं केलं कुरुमचं ऑफिस. व्यसन तेवढं ठेवलं, बाकी मनानेच रचलं. "दर गुरुवारी म्हणतो, गाडी धुवायला खाली जातो. तासभर वर येत नाही. आला की तोंडात बडीशेप. बाटली कुठे? डिकीत, स्टेपनीच्या खाली! आणि बायको इतकी बावळट, की दोन वर्षं तिला पत्ता नाही!"

मला वाटलं, हसतील. कुणी हसेना. वैशालीचा चमचा हवेतच. मंजूने पर्स उचलली. "अगं, गॅस चालू राहिला बहुतेक," म्हणाली आणि गेली. रुखसाना तर पाव तसाच टाकून उठली.

त्या दुपारी दार्सैतच्या पार्किंगमध्ये तीन डिक्या उघडल्या गेल्या!

वैशालीचा नवरा मंडळाचा अध्यक्ष. गणपतीत पाऊण तास संस्कारांवर बोलतो. त्याच्या स्टेपनीखाली संस्कारांची अख्खी बाटली निघाली. मंजूच्या नवऱ्याकडे अर्धी. रुखसानाचे परकारभाई थेंबालाही न शिवणारे, त्यांच्याकडे पाव किलो काजूकतली. डायबेटिस आहे त्यांना! सर्वांत मोठा स्फोट त्यांच्याचकडे झाला.

शनिवारी अध्यक्ष माझ्या दारात. "अनघावहिनी, तो मी नाही, एवढं आमच्या हिला सांगा."

"मी कुणाबद्दलच काही सांगू शकत नाही, भाऊजी. गोपनीयता."

"अहो, म्हणजे मीच होतो असं होतंय ना!"

"त्याबद्दलही मी बोलू शकत नाही."

मागे जिन्यात मंजूचा नवरा नंबर लावून उभा. त्याच्या मागे परकारभाई. "भाभी, खलास! आता घरात साखरेचा डबाही कुलपात."

तो पेशंट आपलाच नवरा का, हे विचारायला वैशालीने थेट दवाखान्यात फोन लावला. रविवारी मॅडमनी बोलावलं. मूळच्या नागपूरच्या, आवाज चढवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. माझा सहीचा कागद टेबलावर पालथा.

"पेशंटची गोष्ट मिसळीबरोबर वाढलीत?"

"मॅडम, सगळं बदललं होतं! गाडी, बडीशेप, स्टेपनी, सगळं मनाचं!"

"मनात कुठून आलं?"

मी तशीच उठले.

घरी न जाता मी सरळ आमच्या पार्किंगमध्ये गेले. डिकी उघडली. बादली कोरडी, वर दुकानाचा स्टिकर तसाच. स्टेपनी उचलली. खाली काही नव्हतं. पण अख्ख्या गाडीत तेवढीच जागा स्वच्छ होती.

"तुझी गोष्ट कानावर आली तशी शुक्रवारीच टाकून दिली मी," मागून शिरीष म्हणाला. आमचा नवरा. "वाटलं, तुला कळलंय. म्हणून तर सगळ्यांसमोर सांगितलंस."

"मला कळलं नव्हतं रे."

"दोन वर्षं माझ्यासमोर बसून लक्षणं मोठ्याने पाठ करत होतीस, अनघा. रोज वाटायचं, आज विचारेल. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मला तिथेच रडू फुटलं. त्याची दया आली, माझी लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, सहीचंही वाईट वाटत होतं.

शिरीष आता दर आठवड्याला मॅडमकडे जातो. घरच्या माणसावर उपचार आपण करायचे नाहीत, असा नियमच आहे. मी पेशंटची माफी मागितली, मॅडमनी माझे तास पहिल्यापासून मोजायला लावले, तोंड बंद ठेवून. उशिरा का होईना, सही मिळाली.

लायसन फ्रेम करून आणलंय, भिंतीला खिळाही ठोकलाय, पण अजून लावलेलं नाही. माझं मन म्हणतं, ते रुवीच्या त्या पोलिसाला नेऊन द्यावं. ना कोर्स, ना परीक्षा. बाबाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझा नवरा ओळखला.