एका पेंडीला एक नाव

रोवणी लागली की फुलवंताचा रविवार सुटतो. चोरखमारा तलावाचं पाणी कालव्यातून शेतातल्या बांध्यांत उतरलं आणि चिखल तयार झाला, की धानाच्या रोपांचे पऱ्हे लावावेच लागतात. रोवणीच्या टोळीतल्या बाया वार पाहत नाहीत. तिरोड्याला रविवारच्या प्रार्थनेला जाणारी गावात ती एकटीच, आणि टोळी सुटली तर चूल सुटली.

पहिल्या वर्षी तिला वाटलं, हा महिना आपण प्रभूपासून तुटलेल्याच राहणार. संध्याकाळी भात खातानाच डोळे मिटत, प्रार्थना तोंडातच राहून जाई. तिनं पास्टर ईश्वरदासांना तसं सांगितलं. फांदी वेलाला फक्त रविवारी लागून असते का, एवढंच त्यांनी विचारलं.

उत्तर तिनं बांधीत शोधलं. पऱ्ह्यांची पेंडी सोडायची, डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं चिमटीचिमटीनं चिखलात रोवत मागे सरकायचं. संपली की दुसरी. तिनं ठरवलं, एका पेंडीला एक नाव. पेंडी सोडताना नाव घ्यायचं आणि ती संपेपर्यंत त्या माणसासाठी येशूजवळ मागत राहायचं. मुलगा कैलाश, सून टीना, शेताचा मालक इंदरलाल, त्याचा म्हातारा बैलसुद्धा. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. कंबर दुखायची तशीच दुखे, पण दिवस रिकामा जाईना.

यंदा तिचे ओठ हलताना शेजारी रोवणाऱ्या दुर्गेश्वरीनं पाहिले. त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीचा मुलगा मोनू तापानं पडला होता. जेवणाची सुट्टी होईपर्यंत टोळीभर झालं, की फुलवंता पुटपुटून काहीतरी करणी करते. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया लांब सरकल्या. ओळीत खिंड पडली आणि तेवढा चिखल उघडा राहू लागला. इंदरलाल शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडला, तेव्हा टोळी चालवणाऱ्या सुमित्राबाईनं काम थांबवलं.

“काय पुटपुटून राहिली वो फुलवंते?”

“प्रार्थना करून राहिली, मावशी.”

“ते घरी कर. इथं तोंड बंद ठेव, नाई तं उद्यापासून येऊ नको.”

मनातल्या मनातही मागता येतं, हे फुलवंताला ठाऊक होतं. पण आता ओठ मिटले तर बायांना वाटेल, करणीच होती. आणि तिला स्वतःला वाटत राहील, ज्याच्या आधारावर उभी आहे त्याचंच नाव आपण लपवलं.

“बंद नाई करत,” ती म्हणाली. “मोठ्यानं म्हणते. तुमीच ऐका, मंग ठरवा.”

हातातली पेंडी अर्धी झाली होती. ती वाकली आणि मघाशी जिथं थांबली होती तिथूनच पुढं, रोवत रोवत, मोठ्यानं मागू लागली.

“प्रभू येशू, रिंकीचे दिवस भरत आले. तिले सुखरूप मोकळी कर. मावशीले रातची झोप नाई, तिले झोप दे.”

रिंकी ही सुमित्राबाईची लेक. झोप लागत नाही हे सुमित्राबाई धुऱ्यावर बसून एकदाच बोलली होती. आता कोणी हलेना. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज काय तो फुलवंताच्या बाजूनं येत होता.

सुमित्राबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“माह्या घरासाठी मांगून राहिली, अन् मलेच सांगत नाई,” ती म्हणाली. मग वाकून ओळीत शिरता शिरता पुढं म्हणाली, “तं माह्या लेकीची पेंडी जराशी जाड घेत जाय.”

कोणीतरी हसलं. एका बाजूची खिंड भरली. दुसऱ्या बाजूची तशीच राहिली. तिथं दुर्गेश्वरी होती, ती वर न पाहता लांबच रोवत होती.

फुलवंताच्या हातातली पेंडी संपली. तिनं नवी सोडली. या वेळी नाव मोनूचं होतं. ते तिनं ओळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं घेतलं आणि एक पाऊल मागे सरकली.