आमच्या दारावरचा एकतीस नंबर

परवा घर रंगवायला काढलं. रंगारी दाराशेजारच्या पाटीपाशी थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो एकतीस पुसू काय? तुमचा घर नंबर तर येगळा हाय की."

मी जवळजवळ ओरडलेच... "हात लावू नका!" बिचारा ब्रश हातात धरून शिडीवर तसाच उभा. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत नुकतीच क्लार्क म्हणून चिकटले होते. (नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या तरी नातवाला वाईट वाटायचं!) तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन सहज आणायची सोय नव्हती. अर्ज करायचा, यादीत नंबर लागेपर्यंत थांबायचं, मग परमिट.

आणि ही यादी असायची हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. खरं तर ती बाहेर नोटीस बोर्डावर लागायला हवी. पण बोर्डाच्या काचेच्या पेटीची किल्ली म्हणे हरवलेली... आत तीन वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक पिवळं पडत बसलं होतं. लोक येऊन नंबर विचारायचे आणि भाऊसाहेब ड्रॉवर न उघडताच सांगायचे, "अजून लांब आहे." काहींचा मात्र आठ दिवसांत जवळ यायचा.

खिडकीत बसायचे मी, त्यामुळे शिव्याशाप माझ्या वाट्याला. त्यात आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तेही त्याच यादीत! शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहाजण, आणि पेठेबाहेरच्या आमच्या जागेवर भिंती उभ्या राहून स्लॅबची वाट बघत होत्या. पावसाळ्याआधी सिमेंट मिळालं नाही तर आणखी एक वर्ष गेलं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

एक दिवस माझं डोकं फिरलं. मुळात मी तापटच... सरळ साहेबांकडे गेले आणि म्हटलं, यादी लावायची आहे, पण पेटीची किल्ली नाही. साहेबांनी फाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "मग दुसरीकडे लावा."

झालं... साहेबांचा हुकूम! साहेबांचं नाव सांगून मी भाऊसाहेबांकडून यादी मागून घेतली आणि घाईघाईने तिची नक्कल केली. आबांचं नाव चौथं दिसलं तेव्हा मी इतकी खूश झाले की नावापुढची अर्जाची तारीख बघितलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट आमच्या तालमीचा फळा गाठला.

कोल्हापूरकरांना हा फळा काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते... कोण वारलं, फुटबॉलची मॅच किती वाजता, कुस्तीची जोड कुणाची, सगळी पेठ ते त्या फळ्यावर वाचायची. लिहायचे इब्राहिमचाचा, पेठेतले पेंटर. अक्षर असं की निधनाची बातमीसुद्धा माणूस दोनदा वाचायचा.

मी नावं वाचू लागले, चाचा लिहू लागले. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. तीन नावं झाली आणि चाचांचा खडू थांबला.

"तारीख न्हाय व्हय? वजन न बघता कुस्तीची जोड लावत्यात काय, पोरी? अर्ज कवा केला ते बी सांग की."

पटलं. पहिल्या तिघांच्या तारखा सांगितल्या... सगळ्या जानेवारीतल्या. चौथे आबा. त्यांच्यापुढं तारीख एप्रिलची! आणि खाली पाचव्यापासून पुन्हा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च...

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाऊसाहेबांनी मला न विचारता माझ्यावर उपकार करून ठेवला होता. म्हणजे उद्या माझं तोंड आपोआप बंद!

खोटं कशाला सांगू... मनात आलंच, की जानेवारी म्हणून मोकळं व्हावं. कोण बघणार होतं? पण समोर पेठ उभी, आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान करायला आलेली मी. "चाचा, चौथं नाव पुसा," मी म्हटलं. चाचा आबांना चांगले ओळखायचे. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बाहीनं नाव पुसलं. तारखेप्रमाणे आबा गेले थेट एकतीसवर.

कचेरीत साहेबांना सगळं सांगितलं. अख्खी पेठ यादी वाचून बसलेली, त्यामुळे तारखेप्रमाणे नवी यादी करून त्यावर सही करण्यावाचून त्यांनाही गत्यंतर नव्हतं. भाऊसाहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण गंमत बघा... आठ दिवसांत काचेच्या पेटीची किल्ली सापडली, त्यांच्याच ड्रॉवरमध्ये! तालमीच्या फळ्यापेक्षा आपला नोटीस बोर्ड बरा, असं त्यांना वाटलं असावं.

भीती होती ती घरची. आबांनी फळा वाचलेला होता. जेवण होताच ते उठून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघाले, तर कोपऱ्यावर आबांचा आवाज. फळ्यापुढं उभं राहून सगळ्यांना सांगत होते, "चारावरनं उचलून एकतीसवर टाकलंय पोरीनं मला! हाय का कुणाच्या घरात असली?" मी तिथंच रडले.

तो पावसाळा आम्ही दोन खोल्यांत, गळक्या कौलांखाली भांडी मांडून काढला. पुढच्या वर्षी आमची पाळी आली, परमिट मिळालं, स्लॅब टाकून झाला. कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही. आबांनी पाटी रंगवायला चाचांनाच बोलावलं आणि आपल्या नावाखाली एकतीस घालायला लावला. पोस्टमन कित्येक वर्षं गोंधळायचा.

आज आबा नाहीत, चाचाही नाहीत. रंगाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, पाटीवर कागद चिकटवला आणि भोवतीनं हलक्या हातानं रंग दिला.

आबा त्या सकाळी माझ्यावर रागावले असते, तर पुढची सगळी नोकरी मी मान खाली घालून केली असती. घराचा खरा नंबर मला आजही लाइटच्या बिलावर बघून सांगावा लागतो... एकतीस मात्र विसरत नाही.