तट्ट्याआडची शेड

शेड बांधून झाली होती, रंगही वाळला होता, पण आत चिटपाखरू नव्हतं. बीडीओ साहेबांनी मला केबिनमध्ये उभंच ठेवलं.

"मार्चअखेर इन्स्पेक्शन आहे. शेड चालू दिसली नाही तर पुढची ग्रँट बंद. मग मला तोंड दाखवू नका."

मी साकोलीच्या पंचायत समितीत उद्योगाचा विस्तार अधिकारी होतो. म्हणजे सरकारी योजना सायकलवर लादून गावोगाव नेणारा माणूस. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. ही शेड एकोडीकडच्या एका गावातल्या बायकांसाठी होती. त्या कोशाचं सूत काढत. जंगलातल्या रेशीमकिड्यांचे कोसे उकळायचे, त्यांतले धागे ओढून एकत्र पिळायचे, की टसरचं सूत तयार. बायकांची सोसायटी झाली, सरकारनं छप्पर दिलं. बायका मात्र घरातून हलायला तयार नाहीत.

कारण कोणी सांगेना. एक म्हणाली, लांब पडते. शेड तिच्या दारासमोर होती! दुसरीला म्हणे उजेड सोसत नव्हता. शेवटी सोसायटीच्या अध्यक्ष सयाबाईकडे गेलो. विणकराच्या घरची, पन्नाशीची, तोंडानं फटकळ बाई.

"सयाबाई, शेड तुम्हीच मागितली. आता येत का नाही?"

"साहेब, सूत कायच्यावर वळते, मालूम हाये का तुमाले?"

"हातावर?"

"मांडीवर! लुगडं वर खोचा लागते, राख लावा लागते. अन् तुमच्या खिडक्या पाहा. आख्खा रस्ता अंदर येते."

माझे कान तापले. शेडचा टाइप प्लॅन, म्हणजे सगळीकडे एकच चालणारा सरकारी नकाशा, कुठल्यातरी शहरी ऑफिसात निघाला होता. हवा भरपूर, उजेड भरपूर.

"मग घरीच बरं की," मी म्हणालो.

"माहेरी आमी साऱ्या जणी मागच्या पडवीत बसत होतो. हात चालत, तोंडं चालत. दिवस कवा बुडला, समजत नव्हतं. इथं आली तवापासून एकटीच अंदरच्या खोलीत बसून राहिली. भिताडाशी किती बोलू? मले शेड सुतासाठी नाई पायजे होती, बाप्पा. मले बायका पायजे होत्या."

मला भरून आलं. बायको-मुलं वर्ध्याला ठेवून मीही साकोलीत भिंतीकडे बघतच जेवत होतो.

"टाइप प्लॅन बदलता येत नाही," बीडीओ म्हणाले. आम्ही बदलला नाही. गावातल्या बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले आणि खिडक्यांना आतून बांधले. बायका आल्या. रस्त्यावरून जाताना आतला हसण्याचा गलका ऐकू येई. काही काम नसताना मी सायकल थांबवून तिथे उभा राही. घरची फार आठवण येई.

इन्स्पेक्शनचे साहेब नागपूरहून आले. काम प्रत्यक्ष पाहूनच शेरा लिहायचा, असा नियम. साहेब दारात दिसताच साऱ्यांनी लुगडी खाली ओढली. हात थांबले.

"काम बंदच आहे की!"

मी सगळं समजावलं. आमच्या ग्रामसेविकाबाईंना पाहू द्या, म्हटलं.

"त्यांचा शेरा चालत नाही. मला स्वतःला दिसलं पाहिजे."

सयाबाई पुढे सरकली. "दिसलंच पायजे तं मी वळतो. मी मतारी. पन शेड बंद करू नका." तिनं राख घेतली. लुगड्याच्या काठाला हात घातला.

साहेबांनी चटकन पाठ फिरवली. "राहू द्या, बाई. दिसलं." आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'काम समाधानकारक चालू.'

शेड पुढं काही वर्षं चांगली चालली. मग नवी योजना आली. पायानं चालवायचं सूतयंत्र, प्रत्येक बाईला घरपोच. लुगडं खोचायचं कारण उरलं नाही, आणि शेडमध्ये यायचंही. तोवर माझी बदली बपेऱ्याकडे झाली होती. एकदा वाट वाकडी करून सयाबाईकडे गेलो. ती आतल्या खोलीत मशीनवर बसली होती.

"कशी आहे मशीन?"

"चांगली हाये. मांडी सोलत नाई आता." तिचे पाय थांबले. "साहेब, बसा ना जरा. कोनी येतच नाई."

मी बसलो. तिनं पोटभर बोलून घेतलं.

ती योजना सरकारदरबारी यशस्वी आहे, आणि सूत वाढलं हे खोटं नाही. बायका एकत्र बसतात का, हे मात्र माझ्या सबंध नोकरीत मला कोणत्याही साहेबानं विचारलं नाही.