भरल्या पोटाचे मासे

विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्याला काठ पुष्कळ, पण संघपाल लोणे या माणसाला बसता येतं ते एकाच दगडावर. लाइनमन असताना खांबावरून पडून त्याचा डावा गुडघा गेला. बाकी काठ घसरणीचा, या दगडापर्यंत तेवढं काठी टेकत पोचता येतं. रिटायर झाल्यापासून सहा वर्षं रोज सकाळी तो तिथं गळ टाकून बसतो. आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची पेंड कालवून तिथंच चारा टाकून येतो, म्हणजे मासा जागेला सवकतो. ज्याचा चारा त्याची जागा, हे तिथले सगळे गळवाले मानतात.

यंदा दिवाळीनंतर मासा लागायचा बंद झाला. पाण्यात माशांच्या पाठी दिसत, बुडबुडे उठत, पण गळाच्या दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ ढिम्म. तीन आठवड्यांत एकच रोहू आला. घरी बायकोनं, सुमनबाईनं, तो चिरला आणि हाक मारली.

"अवो, ह्याच्या पोटात काय हाय बघा."

पांढरा लगदा. संघपालनं चिमटीत चोळून वास घेतला.

"गव्हाची कणीक हाय."

"मग?"

"मी तर ज्वारी टाकतो. माझ्या दगडावर कुणीतरी येऊन राहिलंय."

तेव्हापासून काठावरचं प्रत्येक माणूस त्याला चोर दिसू लागलं. सगळ्यात जास्त शक मारोतीवर. टायरच्या दुकानाचा हा मालक नव्या रिळाचा गळ घेऊन पलीकडं बाभळीखाली बसे. संघपालनं एकदा काठीनं त्याची पिशवीच उचकली.

"काय धुंडून राहिले, काका?"

"कणीक."

"मी गांडुळं लावतो. खामखा शक घेऊ नका."

"मग माझ्या माशाला पोळ्या कोण चारतंय? तुझी गांडुळं?"

मारोतीनं बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी संघपाल झुंजुमुंजू असतानाच पोचला. दगडावर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. जवळ गेला तर राघवेंद्र सर! गणिताचे रिटायर मास्तर, रोज काठानं फिरायला येणारे, माशाच्या वासानं नाकाला रुमाल लावणारे. हातात स्टीलचा डबा, आणि एकेक गोळी पाण्यात.

"सर, तुम्ही?"

"एकतीस... बत्तीस... थांबा जरा." चाळीस पुरे करूनच सर बोलले. "मालविकाचं लग्न जमत नाही. एक्केचाळीस दिवस माशांना कणकेच्या गोळ्या घाला म्हणाले ज्योतिषी. आज एकोणतिसावा."

"अख्खं धरण सोडून माझाच दगड?"

"मासे इथंच जमतात. तुम्हीच जमवलेत ना."

"तुमच्या पोरीच्या ग्रहापायी माझ्या माशाला अजीर्ण झालंय!" बोलता बोलता त्याला दुसराच शक आला. "सर, भरल्या पोटाचा मासा गळ धरत न्हाई, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं.

"होतं. मी चारलेला मासा तुमच्या कालवणात गेला, तर माझ्या पोरीला काय लाभणार? म्हणून तर पंधराच्या चाळीस केल्या."

"तुम्हाला धड पाय हायत, सर. कुठंबी जा. मला एवढाच दगड हाय."

सरांनी त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि डबा घेऊन ते निघून गेले.

संघपालचा विश्वास बसला नाही. पुढं रोज पहाटे येऊन तो दगडावर कणकेचा डाग शोधी. दगड कोरडा. पाचव्या दिवशी देठ बुडाला, दोन किलोचा रोहू आला.

सहाव्या दिवशी मारोती समोर उभा. हातात चिरलेला मासा.

"काका, माझ्याकडं आता काहीच लागून न्हाई राहिलं. आणि ह्याच्या पोटात कणीक! सूड घेऊन राहिले काय?"

संघपालनं बाभळीकडं पाहिलं. सर कुठं गेले ते आता कळलं.

"टाकणारा मी न्हाई. पण तिकडं धाडलं मीच," तो म्हणाला आणि सगळं सांगितलं. मग काठी उचलून दगडाच्या कडेला सरकला. "अजून सहा दिवस हायत त्यांचे. तवर बस इथं."

"इथं? कामून? आत काय करून ठेवलंय?"

"मासे हायत."

मारोती बसला, पण त्याच्याकडं पाठ न करता.