सलूहाचा नवा गुडघा

ट्युनिशियातल्या गाबेस शहराच्या जारा मोहल्ल्यात लग्न ठरलं की नवरीच्या पायांवर मेंदी काढायला सलूहालाच बोलावणं यायचं. तासन्‌तास गुडघे टेकून ती काम करायची. म्हणून उजवा गुडघा दुखू लागला तेव्हा आम्ही शेजारणी म्हणालो, कामाचंच दुखणं. तिनेही ऑलिव्हचं तेल चोळून वर्ष काढलं. गुडघ्याच्या वर सूज दिसायला लागली, तसा नवरा हेदी तिला स्फाक्सच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला.

मांडीच्या हाडात, खालच्या टोकाला गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "तेवढं हाड काढावं लागेल. तिथं धातूचं हाड आणि सांधा बसवू. पाय वाचेल, चालता येईल."

"आणि गुडघे टेकून बसायला?"

"ते विसरा, बाई."

हेदीला पाय वाचतोय याचाच आनंद. सलूहा परतीच्या वाटेवर ठरलेली लग्नं बोटांवर मोजत होती.

ऑपरेशन नीट झालं. काठी घेऊन, मग काठीशिवाय ती चालू लागली. भेटायला येणारी प्रत्येक बाई अल्लाचे आभार मानायची, तीही मानायची. मला एकदा म्हणाली, "पाय माझाच आहे गं, पण पाहुण्यासारखा सांभाळावा लागतो."

लग्नांची बोलावणी ती परत पाठवू लागली. "जाज़ियाला सांगा."

जाज़ियाही मेंदी काढायची. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. एके दिवशी तीच दारात उभी राहिली.

"हात तू काढ, पाय मी काढते."

"तुझी रेघ वाकडी जाते."

"मग खुर्चीवर बसून शिव्या दे. त्याला गुडघा लागत नाही."

आजारपणानंतर सलूहा पहिल्यांदा हसली.

पुढच्याच लग्नात सलूहा खुर्चीत, मांडीवर नवरीचा हात. जाज़िया खाली पायांशी. "टाच राहिली तुझी," ही वरून म्हणे. "तू तुझी बोटं बघ," ती खालून. नवरीची आई घाबरून दोघींना पुदिन्याचा चहा देत राहिली.

आता बोलावणं दोघींना एकत्रच जातं. हातांच्या कामात सलूहाचं मन अजून तितकंसं रमत नाही. पायांवरचंच खरं काम, असं ती म्हणते. तपासणीसाठी स्फाक्सला जायचं असलं की आदल्या दिवसापासून तिचं बोलणं बंद. आजवर गाठ परत आलेली नाही. हल्ली बसमध्ये शेजारी जाज़िया असते, आणि ती काही सलूहाला गप्प बसू देत नाही.