अर्ध्या तासाची मुभा

"मिस्त्री! इंजन कोनं बंद केलं? फाटकापासून टेसनापर्यंत बंड्या उभ्या हायेत, आन् तुमी हात पुसून राह्यले?"

मॅनेजरसाहेब ओरडत होते. वणीच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांचा आवाज धुराड्यापेक्षा उंच जायचा. त्या आवाजानं चांद्याकडचे वाघही वाट बदलत, असं मी स्वतः वाघांकडून ऐकलं आहे. मिस्त्रींनी मात्र जांभई दिली. त्या जांभईत कापसाची भरली बंडी बैलांसकट मावली असती. दिवाळीपासून हंगाम चालू होता आणि आता होळी झाली होती. जिनातलं लोखंडसुद्धा थकलं होतं.

मिस्त्रींचा नियम एकच. दर चार तासांनी इंजन थांबवायचं, बेरिंगांना तेल द्यायचं, वीस मिनिटांत पुन्हा सुरू. "अर्धा तास अलीकडं, अर्धा तास पलीकडं. तेवढी मुभा इंजनच देते बाप्पा. त्याच्या बाहेर देवालेही नाही." गेल्या साली साहेबांनी आणखी एक तास मागितला, तेव्हा मिस्त्री इंजनाच्या पट्ट्यासमोर आडवे झाले होते.

पण त्या मुभेत कधी थांबायचं हे ते कशावरून ठरवत? साहेबांना वाटे, लहर. मी वजनकाट्यावरचा कारकून. माझ्या खिडकीतून समोरचा कडुलिंब दिसे. रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांवर, कापूस टाकणाऱ्या बायकांची तान्ही पोरं तिथं लुगड्याच्या झोळ्यांत असत. रेचे चालू असताना जागा सोडली की बाईचं काम गेलं, असा साहेबांचा हुकूम. एक पोर रडलं की मिस्त्री कान टवकारत. दुसरं रडलं की इंजन थांबे. बाया पदर सावरत लिंबाकडे पळत. वीस मिनिटांत पोरं पिऊन गप्प, बेरिंगंही पिऊन गप्प. एवढ्या धडधडाटात रडणं कसं ऐकू येई? मिस्त्रींना आर्णीतली मांजर इथं ऐकू येत असावी.

त्या दिवशी रेच्यावरच्या पार्वतीची तीन महिन्यांची पोर तापानं फणफणली होती. सकाळी रडत होती. मग रडणं बारीक झालं, मग थांबलंच. आणि मिस्त्रींनी इंजन बंद केलं.

साहेबांनी घड्याळ पुढं धरलं. "चाळीस मिनटं आधी! तुमचाच नियम ना? बोला, काहून?"

चाळीस. मुभेच्या बाहेर दहा. जन्मात पहिल्यांदा. मिस्त्रींनी एकदा लिंबाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर झोळ्या उद्याच फाटकाबाहेर गेल्या असत्या, आणि झोळ्यांमागून बाया.

"बेरिंग तापलं व्हतं," ते म्हणाले.

साहेबांनी बेरिंगावर तळवा ठेवला. तो तसाच ठेवून ते मिस्त्रींकडे पाहत राहिले. बेरिंग जेमतेम कोमट होतं.

तोवर पार्वतीनं झोळीतून पोर उचलून फाटकाशी बसणाऱ्या सासूच्या हाती दिली होती, आणि सासू तिला घेऊन सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागली होती. पोर वाचली. मिस्त्रींचं काम त्याच दुपारी गेलं.

मी खिडकीत सगळं पाहिलं, आणि वाघांच्या गप्पा ठोकणारं माझं तोंड उघडलं नाही. फाटकाशी मात्र त्यांना गाठलं. त्यांच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

"मिस्त्रीबुवा, मले तरी खरं सांगा. पोरीसाठीच थांबवलं न?"

त्यांनी आणखी एक जांभई दिली.

"बेरिंग तापलं व्हतं."